‘स्प्रेड’ म्हणजे पसरणे, मग सातवीतल्या मुलीची चारही वाक्यं चुकली कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सातवीत, इंदूरच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. ‘स्प्रेड’ हे क्रियापद वापरून चार वाक्यं लिहायची होती. तिनं लिहिलं: ‘मदर स्प्रेड द बेड’, ‘पोलीस केम अँड द क्राउड स्प्रेड’, ‘ग्रँडमदर स्प्रेडेड पापड ऑन द टेरेस’ आणि ‘डोन्ट स्प्रेड गार्बेज’. चारहींवर लाल फुली. तुम्ही शब्दकोश उघडलात तर तिथे ‘पसरणे, पसरवणे’ असंच दिलेलं. मग चुकलं कुठे?

शब्दकोश खोटं सांगत नाही, पण अर्ध्यावर थांबतो. गेली एकतीस वर्षं मी इंदुरातल्या मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवते, जोडीला भाषांतराची कामं करते, आणि हीच चार वाक्यं थोड्याफार फरकानं दरवर्षी माझ्यासमोर येतात. चूक मुलीच्या इंग्रजीत कमी आणि आपल्या ‘पसरणे’त जास्त आहे. आपला हा शब्द फार ऐसपैस. इंग्रजीला त्याच्या जागी सहा-सात वेगवेगळे शब्द लागतात, आणि ‘स्प्रेड’ हा त्यांतला फक्त एक.

तिच्या पापडांपासूनच सुरू करते, कारण ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये वाळवणं पडायची. आजी सकाळी सहाला आजोबांचं जुनं धोतर अंथरायची आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची. त्यावर कुरडया घालायच्या, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा, बोटभर अंतर सोडून. बाजूला प्लॅस्टिकच्या कागदावर शिजवलेल्या साबुदाण्याच्या पापड्या: पळीभर लगदा ओतायचा आणि पळीच्याच पाठीनं गोल फिरवत पातळ करत न्यायचा. दुपारी लू सुटली की कागदाचं एक टोक सुटायचं आणि अर्धवट वाळलेल्या पापड्या थेट शेजाऱ्यांच्या गच्चीवर. एकदा त्या धावपळीत मी पाण्याचा तांब्या लाथाडला, आणि ओल हळूहळू सरकत कुरडयांपर्यंत गेली. आजी वर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘काय गं हा पसारा!’

आता हेच इंग्रजीत सांगू. धोतर अंथरलं, ते ‘स्प्रेड’. घडी उघडून सपाट केलं आणि त्यानं जमीन झाकली. साबुदाण्याचा लगदा पळीनं पातळ केला, तेही ‘स्प्रेड’. कुरडया अंतर सोडून घातल्या, तिथे ‘स्प्रेड आउट’ जास्त नेमकं, कारण वस्तू अनेक आहेत आणि त्यांच्यात मोकळी जागा ठेवली आहे. ओल आपली आपण पसरत गेली, तीही ‘स्प्रेड’. पण पापड्या उडाल्या तिथे ‘स्प्रेड’ नाही, तिथे ‘स्कॅटर’. आणि आजीच्या तोंडचा ‘पसारा’ म्हणजे ‘मेस’. पसारा हा शब्द पसरण्यातूनच आला असला, तरी ‘व्हॉट अ स्प्रेड!’ म्हटलंत तर इंग्रजी माणसाला वाटेल, तुम्ही जेवणाचं टेबल पाहून खूश झालात. भरगच्च पदार्थांनी मांडलेल्या जेवणाला तो शब्द आहे. सराफा बाजारात रात्री दुकानदार शटर ओढून घरी जातात आणि त्यांच्या ओट्यांसमोर गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलब्या मांडल्या जातात, त्याला खुशाल ‘स्प्रेड’ म्हणा. तुमच्या मुलाच्या खोलीला मात्र म्हणू नका.

या गच्चीतून मी मुलांना एकच खूण देते. ‘स्प्रेड’मध्ये काहीतरी व्यापलं जातं. एकसंध वस्तू असेल तर ती रुंदावते, पातळ होते आणि खालचं झाकते. सुट्या वस्तू असतील तर त्या जागा भरून बसतात. ‘स्कॅटर’मध्ये लक्ष व्यापण्याकडे नसतं, तुटण्याकडे असतं: एकत्र होतं ते सुटलं, वाट फुटेल तिकडे गेलं. मराठीत हाच फरक ‘पसरणे’ आणि ‘विखुरणे’ यांत आहे, फक्त बोलताना आपण तो पाळत नाही. ‘पेपर सगळ्या खोलीत पसरलेत’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते विखुरलेले असतात.

आता गर्दीचं वाक्य. पोलीस आले आणि गर्दी पांगली. ‘पांगणे’ या शब्दाला इंग्रजीत ‘डिस्पर्स’ आहे, आणि लाठी पाहून लोक सैरावैरा पळाले असतील तर ‘स्कॅटर’. मुलीच्या वाक्याचा अर्थ जवळजवळ उलटा झालाय. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्यावरची गर्दी आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरते, म्हणजे ती कमी होत नाही, वाढते. तिथे ‘स्प्रेड’ बरोबर. गेर संपल्यावर लोक घरोघर जातात तेव्हा गर्दी उरतच नाही, तिथे ‘डिस्पर्स’. पी.टी.चे सर मैदानावर ‘स्प्रेड आउट!’ असं ओरडतात तेव्हा मुलं हातभर अंतर सोडून उभी राहतात. घरी निघून गेली तर सर काय म्हणतील, हे मुलीलाच विचारा. तिला लगेच कळेल.

‘मदर स्प्रेड द बेड’ ही तर आपल्या प्रत्येक घरातली चूक. आपल्याकडे अंथरूण ही अंथरायची वस्तू, नावातच क्रिया आहे. इंग्रजी ‘बेड’ मात्र पलंग आणि गादी मिळून होतो, तो जागेवरच असतो, त्याला अंथरणार कसं? झोपून उठल्यावर चादर सारखी करणं, उशा जागेवर ठेवणं, याला ‘मेक द बेड’ म्हणतात. चादर, सतरंजी, चटई, टेबलक्लॉथ, नकाशा, घडी उलगडून सपाट करायची कोणतीही वस्तू चालेल: ‘शी स्प्रेड अ शीट ऑन द बेड’. लग्नघरात खाली ओळीनं गाद्या घालतात, तिथे ‘ले’ हे क्रियापद वापरलं की काम भागतं.

इथे माझीच एक फजिती सांगते. भाषांतराच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या जुन्या वाटणीपत्राचं इंग्रजी करायला आलं होतं. त्यात घरातल्या सामानाची लांबलचक यादी: जाजम, बिछायत, सतरंजी, पलंगपोस. मी तरुण, घाईत. चारही अंथरायच्याच वस्तू, म्हणून सगळीकडे ‘बेडस्प्रेड’ ठोकून दिलं. वकीलसाहेबांनी कागद वाचून शांतपणे विचारलं, ‘बाई, या घरात माणसं झोपण्याखेरीज काही करत नव्हती का?’ ‘बेडस्प्रेड’ म्हणजे फक्त पलंगपोस, तोही वरून घालायचा, शोभेचा. सतरंजीला ‘डरी’ हा शब्द इंग्रजीनं आपल्याकडूनच घेतलाय, हिंदीतल्या दरीवरून. जाजम आणि बिछायत यांना मी शेवटी ‘फ्लोअर क्लॉथ’ केलं आणि आकार लिहिला. त्याहून चांगला शब्द आजही मला सापडलेला नाही.

आता ‘स्प्रेडेड’. असं रूप नाही. आज स्प्रेड, काल स्प्रेड, ‘हॅव’ लागल्यावरही स्प्रेड. कट, पुट, हिट, शट, कॉस्ट, हर्ट ही सगळी याच पंगतीतली, आणि बघा, सगळ्यांचा शेवट ट किंवा ड. ते उगाच नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्प्रेड’सारख्या क्रियापदांना भूतकाळाचा प्रत्यय लागत असे. पण धातूच्या शेवटीच ट किंवा ड असल्यामुळे प्रत्ययातलं व्यंजन त्यातच मिसळलं आणि मागचा स्वर शतकांच्या ओघात गळून पडला. प्रत्यय आहे, फक्त दिसत नाही. ‘रीड’सारखा उच्चारही बदलत नाही. ‘ब्रेड’ आणि ‘हेड’मधला ए, तोच इथे, तिन्ही काळांत. काही मुलं स्पेलिंग पाहून ‘स्प्रीड’ वाचतात. आमच्या इंदुरी हिंदीच्या वाऱ्यानं काही ‘इस्प्रेड’ म्हणतात, जसं इस्कूल आणि इस्टेशन. दोन्ही सोडवा.

मग आज की काल हे ओळखायचं कसं? ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर सोपं. ‘शी स्प्रेड्स’ म्हणजे रोजचं, ‘शी स्प्रेड’ म्हणजे काल. तिच्या पहिल्या वाक्यात ‘मदर’नंतर शेवटचा ‘स’ नाही, म्हणजे ते भूतकाळातच धरावं लागतं, मग तिच्या मनात रोजची सवय सांगायची असली तरी. ‘दे’ असेल तर मागचंपुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. इंग्रजांनाही कळत नाही.

एक गोष्ट मात्र मराठी मुलांना फुकटात मिळते आणि ती कुणी सांगत नाही. ‘स्प्रेड’ कर्म घेतं आणि कर्माशिवायही चालतं: आजीनं धोतर पसरलं, ओल पसरली. एकच रूप, दोन कामं. हिंदीत यासाठी फैलाना आणि फैलना अशी दोन रूपं करावी लागतात, आपल्या ‘पसरणे’ला दोन्ही जमतं. त्यावर आपल्याकडे ‘पसरवणे’ आहे, आणि तिथे जपून राहावं लागतं. इंग्रजीत ‘द रूमर स्प्रेड’ म्हणजे अफवा पसरली, कुणाचं नाव नाही. ‘द रूमर वॉज स्प्रेड’ म्हटलं की कुणीतरी ती पसरवली. तक्रारीच्या कागदाचं भाषांतर करताना या एका ‘वॉज’पायी माणूस साक्षीदाराचा आरोपी होऊ शकतो, म्हणून मी ते वाक्य नेहमी दोनदा वाचते. ‘न्यूज’ एकवचनी आहे, तेव्हा ‘द न्यूज हॅज स्प्रेड’. ‘हॅव’ नाही.

कचऱ्याचं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं. २०१७पासून पुढे सलग कित्येक वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आणणारं हे शहर. गाणं वाजवत दारात येणारी गाडी, ओला-सुका वेगळा करायची सवय, सगळं आहे, आणि एका कॉलनीच्या फाटकावर आजही बोर्ड आहे: ‘डोन्ट स्प्रेड गार्बेज’. मुलगी रोज तेच वाचते. हे आपल्या ‘कचरा मत फैलाओ’चं शब्दाला शब्द इंग्रजी. व्याकरणाची चूक त्यात शोधून सापडणार नाही, घोटाळा अर्थाचा आहे. इंग्रजी कानाला यातून दिसतं असं: कुणीतरी कचऱ्याचा ढीग घेतलाय आणि तो फावड्यानं सारखा करत जमिनीवर पसरतोय, शेतात शेणखत पसरतात तसा. खताला तो शब्द अगदी चपखल, ‘स्प्रेड मॅन्युअर’. चालताना कागद, पाउच, साली टाकत जाण्याला मात्र ‘लिटर’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. ‘डोन्ट लिटर’, दोन शब्द, पुढे कर्मही नको.

शेतावरून आठवलं. हातानं बी फेकत पेरतात ना, ओळी न धरता, त्याला इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट’ म्हणत. रेडिओ आला तेव्हा कुणाला तरी हाच शब्द सुचला, मूठभर बोलणं हवेत फेकायचं आणि पडेल तिथे उगवेल. त्याचंही भूतकाळी रूप बहुतेक वेळा ‘ब्रॉडकास्ट’च. मालवा हाऊसवरून, म्हणजे आमच्या इंदूर आकाशवाणीवरून, ऐकलेल्या सकाळच्या बातम्या मला हे कळल्यापासून गव्हासारख्या दिसतात.

शरीराच्या बाबतीत मात्र ‘स्प्रेड’ डोळे उघडे ठेवून वापरायला शिकवा, कारण इथे आपले वाक्प्रचार सरळ खड्ड्यात नेतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, यातले पाय लांब होतात, तिथे ‘स्ट्रेच’. ‘स्प्रेड’ म्हटलं की पाय फाकले, आणि ते वाक्य चारचौघांत बरं दिसत नाही. हात पसरणे म्हणजे आपल्याकडे मागणं. इंग्रजीत ‘ही स्प्रेड हिज हँड्स’ म्हणजे दोन्ही तळवे बाजूला करून ‘आता मी काय करणार?’ असा हावभाव. एका विद्यार्थ्यानं गोष्टीतल्या अशा माणसाला भिकारी करून टाकलं होतं, आणि तो बिचारा बँकेचा मॅनेजर होता. पदर पसरण्याला इंग्रजीत काहीच नाही. तिथे पदर सोडून द्यायचा आणि विनवणी तेवढी ठेवायची.

ब्रेड-बटरचं सगळ्यांना येतं, तरी त्यात एक बारीक गंमत आहे. ‘स्प्रेड बटर ऑन द ब्रेड’ म्हणजे ब्रेडला लोणी लावलं, थोडं का असेना. ‘स्प्रेड द ब्रेड विथ बटर’ म्हटलं की पूर्ण ब्रेड कडेपर्यंत माखला गेला. उलट दिशेनं भाषांतर करताना मात्र मराठीत ‘लोणी पसरवले’ लिहू नका. पाककृतींच्या अनुवादांत हे मी सारखं खोडते. आपण लोणी लावतो, तूप लावतो, चटणी लावतो. पसरतं ते सांडलेलं.

बाकी जोडशब्द भराभर. रोग किंवा आग कुठवर पोचली ते सांगायचं तर ‘टू’: ‘स्प्रेड टू द लंग्ज’ म्हणजे फुप्फुसांपर्यंत पोचला. मोठ्या प्रदेशावर तर ‘अक्रॉस’, आत आत झिरपत गेला तर ‘थ्रू’. पैसे किंवा काम काळावर विभागायचं तर ‘ओव्हर’. ‘स्प्रेड ओव्हर ट्वेल्व्ह मंथ्स’ म्हणजे बारा हप्त्यांत, मराठीत इथे पसरण्याचा संबंधच नाही. एकाच वेळी दहा कामं अंगावर घेणाऱ्याला इंग्रजीत म्हणतात, तो स्वतःला फार पातळ पसरतोय. आपण म्हणतो, एक ना धड भाराभर चिंध्या. बाजारात खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातल्या फरकाला ‘स्प्रेड’ म्हणतात. आणि ‘स्प्रेडशीट’ संगणकाच्या आधीपासून आहे: हिशोबनिसांची समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली रकान्यांची वही. १९७९ साली व्हिजिकॅल्क हे संगणकावर हिशोब मांडायचं सॉफ्टवेअर आलं आणि ती वही पडद्यावर गेली, नाव तेच राहिलं.

शेजारचा एक शब्द मुलीला आत्ताच द्या, पुढे लागणार आहे: ‘स्प्रॉल’. दुपारी शाळेतून आल्यावर ती दप्तर फेकून सोफ्यावर हातपाय टाकून पडते, तुम्ही म्हणता ‘काय पसरलीयेस!’, तेच ‘स्प्रॉल’. त्यात अस्ताव्यस्तपणा आहे आणि बघणाऱ्याची थोडी नाराजीही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ हातपाय झाडणं असा होता. पुढे हाच शब्द शहरांना लागला. बायपासच्या पलीकडे आपलं इंदूर पसरत चाललंय, हे ‘स्प्रेड’नं सांगितलं तर नुसती माहिती, ‘स्प्रॉल’नं सांगितलं तर टीका. शंभरेक वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले होते. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८ साली छापला गेला. तेव्हा शहरात प्लेगचं भय होतं, आणि त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली, तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर मिरवला. रोग पसरतो तो कसा, हे लोकांना डोळ्यांनी दाखवायला. याच गेडिसांनी १९१५ साली पसरत पसरत एकमेकांना भिडलेल्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द घडवला. इंदूर आणि देवास यांच्यामधली शेतं बघताना मला तो शब्द हल्ली वरचेवर आठवतो.

तर वहीबद्दल. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यावरची फुली मान्य करा, पण चौथ्याच्या बाजूला मुलीला लिहून ठेवायला सांगा की हे तिनं फाटकावर वाचलं होतं. तिसऱ्यासाठी मात्र मी भांडेन. ‘ग्रँडमदर स्प्रेड पापड ऑन द टेरेस’, एवढी दोन अक्षरं खोडली की वाक्य चोख आहे. शब्दाचा अर्थ तिला बरोबर कळलाय, चुकलंय फक्त रूप. त्याला पूर्ण फुली नाही, अर्धा मार्क. जाऊन मागा.